चारशे बारा वाक्यं

मेहकरात जावेदच्या सीटकव्हरच्या दुकानावर एक माळा आहे. फोमचे तुकडे, रेक्झिनचे गठ्ठे आणि मधोमध कापड बेतायचा लांबलचक टेबल. त्या टेबलाशी तीन वर्षं, दर रविवारी दुपारी, चार जण एक खेळ खेळत आले. खेळ असा, की जावेद गोष्ट सांगणार, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होणार, आणि कोणाचा वार बसला नि कोण खड्ड्यात पडला ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. शेजारच्यांना वाटायचं, पोरं जुगार खेळतात. वाटू द्या.

चौघांत प्रसेनजित हा लिहिणारा. एका खासगी क्लासात कम्प्युटर शिकवायचा. खेळात कोणी झकास काही बोललं, की "थांबा, थांबा, लिहू द्या" म्हणून वही उघडायचा. तेवढ्यापुरता खेळ बंद. तिकडे राक्षस हातोडा उचलून ताटकळत उभा, आणि इकडे हे महाशय शुद्धलेखन करतायत! चिडायला पाहिजे होतं, पण कोणी चिडत नसे. उलट वहीत जाणं हा मान होऊन बसला. राजकुमार डोणगावहून मोटरसायकलवर यायचा, तो वाटेत वाक्यं जुळवूनच आणतो, असा जावेदला दाट संशय होता.

वहीतलं सगळं प्रसेनजितनं एका फाइलीत उतरवलं आणि त्याला एक चिमुकला प्रोग्राम जोडला. कम्प्युटरची काळी खिडकी उघडून एक शब्द टाईप केला, की फाइलीतलं कोणतंही एक वाक्य समोर यायचं, खाली बोलणाऱ्याचं नाव. कधी जावेदचं यायचं: "दार उघडंच होतं. तुमी तिघं अर्धा घंटा कुलूप तोडून राह्यले होते." कधी राजकुमारचं: "माही तलवार हारपली नाई. ते फक्त माह्याजवळ नाई." कोणतं येईल हे खुद्द प्रसेनजितलाही ठाऊक नसे.

चौथी सुचिता, हिवरा आश्रमची. मेहकरातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिला नाशिकला चांगली नोकरी लागली आणि बुधवारी निघायचं ठरलं. जाण्याआधी तिनं प्रसेनजितकडे एकच गोष्ट मागितली, तो प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवर पाहिजे. तिथं ओळखीचं कोणी नाही, सकाळी उठून तुमचं बोलणं वाचत जाईन, म्हणाली. आणि हसत हसत वर एवढं जोडलं, की माझं काय काय घेतलंस तेही एकदा पाहीन.

शनिवारी प्रसेनजितनं फाइलीत तिचं नाव शोधलं. एकूण वाक्यं चारशे बारा. सुचिताचं एकही नाही.

त्याला वाटलं, टाईप करताना काही राहिलं असेल. तिन्ही वह्या काढल्या, पान न् पान पाहिलं. राजकुमारची दोनशे तेरा, जावेदची एकशे सेहेचाळीस, आणि स्वतःची त्रेपन्न! स्वतःची लिहून घ्यायला बरी सवड मिळाली होती गड्याला.  तीन वर्षांत एकही रविवार न चुकवलेली पोरगी. नकाशा ती काढायची, कोण कुठं उभा, कोणाची पाळी, कोणाला किती जखमा, सगळं तिच्याकडे. ती बोलत नव्हती थोडीच? पण सगळे हसून हसून लोळले तरच लिहायचं, हा ह्याचा नियम. त्याला लाज वाटली, मनापासून वाटली.

अरे बाबा, मग सरळ फोन करायचा, चुकलो म्हणायचं! पण नाही. हा बसला खुर्ची ओढून आणि तिच्या नावानं सात वाक्यं स्वतःच रचली. रचली आणि वाचून पाहिली, तर एकातही दम नाही. तरी ती फाइलीत टाकली, आणि वर राजकुमारचं सगळ्यात गाजलेलं वाक्य उचललं आणि त्याखाली सुचिताचं नाव घातलं. राजकुमारची दोनशे तेरा आहेत, एक गेलं तर काय बिघडतं, अशी मनाची समजूत काढली.

रविवारी सुचितानं लॅपटॉप टेबलावर ठेवला. प्रसेनजितनं त्यावर प्रोग्राम चढवला. तिनं शब्द टाईप केला, जावेद आला. पुन्हा टाईप केला, राजकुमार आला. माळ्यावर नुसता हशा. सात-आठ वेळा असं झालं आणि राजकुमारचा धीर सुटला. पाहुणी ती, तिचं दाखवायला पाहिजे, म्हणत त्यानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला, फाइलच उघडली आणि तिचं नाव शोधलं. प्रसेनजितनं थांब म्हणायला तोंड उघडलं, पण काय कारण सांगणार?

राजकुमार मोठ्यानं वाचत सुटला. "अंधाराला भिऊ नका, आपण चौघं आहोत." वा वा, म्हणाला. आणखी सहा वाचली. आठवं वाचलं: "राक्षसाले आधी चहा पाजा, मंग मारा. उपाशी पोटी कोणाचा जीव घेऊ नये."  त्यानं प्रसेनजितकडे पाहिलं, मग सुचिताकडे. माणूस मोठ्या मनाचा, म्हणाला, "हाव, हे सुचिताच बोल्ली होती."

"नाई," सुचिता म्हणाली. "हे तुह्यं हाये."

मग तिनं शांतपणे सगळं सांगितलं. पुलावरचा राक्षस होता तो. त्या दिवशी जावेदच्या अब्बूंना दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून खेळ लवकर मोडला होता. राजकुमारच्या फाशावर चार आले होते आणि चहा सांडला होता. एवढं तिला पाठ होतं. मग ती प्रसेनजितकडे वळली.

"माह्यं एकबी नव्हतं?"

प्रसेनजित काहीतरी पुटपुटला. वही हरवली, पानं भिजली, असलं काहीतरी. त्याचं त्यालाच ते ऐकवेना, मग मान खाली घालून नव्हतं म्हणाला.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "मी बोलली का तुह्या पेनाकडे पाहत होती. तो हालतच नसे. मंग हळूहळू मीच बोलणं कमी केलं."

जावेदनं उगाच फोमचा तुकडा उचलला आणि खाली ठेवला. सुचितानं लॅपटॉप जवळ घेतला. चहाच्या वाक्याखाली राजकुमारचं नाव परत लिहिलं. बाकीची सात एकेक करून खोडली. घाई केली नाही, डोळ्यात पाणीही आणलं नाही. आणलं असतं तर बरं झालं असतं, असं प्रसेनजितला वाटून गेलं.

"बाकीचे नेतो मी," ती म्हणाली. "मले आवडतात."

त्या दिवशी फासा कोणी हातात घेतला नाही. हिवरा आश्रमच्या साडेचारच्या गाडीसाठी ती उठली, तसा प्रसेनजित स्टँडपर्यंत सोबत गेला. माफ कर म्हणाला, तर तिनं मान हलवली. तो होकार होता का नकार, ते त्याला कळलं नाही. गाडी लागली, ती चढली, खिडकीपाशी बसली, गाडी गेली.

परत येताना त्यानं डोक्याला फार ताण दिला. तीन वर्षांतलं तिचं एक वाक्य, फक्त एक. नकाशावरून फिरणारं तिचं बोट आठवलं, हिरवी ओढणी आठवली, फासा खाली पडला की वाकून शोधणारीही तीच, हे आठवलं. वाक्य काही आठवेना. तिचं म्हणून आठवत होतं ते तेवढंच, जे ती आज बोलली होती.