दोन वड्यांतली प्रथिनं

कनेरगाव नाक्याला महिला मंडळाच्या बालवाडीत पन्नास लेकरं होती आणि पन्नासांनाही चतुराबाईच्या वडीचं वेड होतं. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या आणि गूळ, एवढंच काय ते तिच्यात. पण कढईत पाक चढला की वास थेट वाशिम रोडवरच्या धाब्यापर्यंत जायचा. चतुराबाई बौद्धवाड्यातली, म्हणून सुरुवातीला चार घरांनी आपल्या लेकरांना बजावलं होतं, तिथं काही खायचं नाही. लेकरांनी ते चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी रांगेत सगळ्यात पुढे तीच उभी!

अशा सुखात दोन वर्षं गेली आणि अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात वरून हुकूम आला. यापुढे बालवाड्यांना पोत्यांतून तयार पीठ येणार, ते शिक्षिकेनंच पाण्यात शिजवून वाढायचं. गावाला आपलाच खाऊ ठेवायचा असेल तर लेकरामागे रोज दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, हे सिद्ध करायचं.

"प्रथिनं म्हंजी काय वं?" चतुराबाईनं विचारलं.

"ज्यानं लेकराच्या अंगावर मास धरतं ते," बालवाडीच्या शिक्षिका शकुबाईंनी सांगितलं.

"मंग ते तर दिसूनच राहिलं की! जळबाचं पोरगं बगा. आलं तवा काडी होतं, आता उचलू म्हनलं तर कंबर धरती."

पण जळबाचं पोरगं कागदाला जोडून पाठवता येत नव्हतं. चतुराबाई हसली खरी, पण मनातून धास्तावली. वीस वर्षं तिनं दुसऱ्याच्या रानात खुरपं चालवलं होतं. तिथं ती गेली काय, न गेली काय, कुणाचं काही अडत नव्हतं. इथं पन्नास तोंडं रोज तिची वाट बघत. हे काम सुटलं तर मजुरी कुठंही मिळाली असती. वाट बघणारं कुणी मिळालं नसतं.

तपासायला परभणीहून धारूरकर बाई आल्या. वय जेमतेम पंचवीस, डोळ्यांवर जाड चष्मा, पिशवीत छोटा तराजू, वजनं आणि कोणत्या धान्यात किती प्रथिनं याचा घडी घातलेला तक्ता. त्यांनी वही उघडली. "सांगा चतुराबाई, पन्नास लेकरांना काय काय घेता?"

"दाने चार मापटी. फुटाने दोन. लाह्या तीन. गूळ ही यवढी ढेप."

बाईंनी एकेक मापटं भरून, काठ सपाट करून तोललं, तक्त्यात बघितलं, गुणलं, भागलं. मग चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं.

"लेकरामागे दोन वड्या, त्यांत साडेआठच येतात हो. दीड ग्रॅम कमी पडतं."

"दीड म्हंजी किती?"

बाईंनी तिच्या तळव्यावर शेंगदाण्याचे तीन दाणे ठेवले. "वजनानं एवढंच."

"अगं माय! यवढ्यासाठी?"

"मग वाढवा की दाणे," शकुबाई म्हणाल्या.

"तसं नाही चालत. गेली दोन वर्षं जे देताय तेच तपासून लिहायचं, असा हुकूम आहे. आज वाढवून लिहिलं तर ते खोटं होईल." बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांना रात्री शकुबाईंच्या घरची भाकरीसुद्धा धड गेली नाही. सकाळी मात्र त्यांनी ठरवलं, अकराच्या एसटीनं जाण्याआधी वडी होताना एकदा डोळ्यांनी बघू.

त्या सकाळी चतुराबाईनं चूल पेटवली ती शेवटचीच समजून. हात मात्र नेहमीसारखे चालले. दाण्यांचं पहिलं मापटं भरलं, तळहातानं काठ पुसला, परातीत ओतलं आणि पाठोपाठ पोत्यातून एक गच्च मूठ वर टाकली. दुसरं मापटं, वर मूठ. तिसरं, चौथं, तसंच. फुटाण्यांनाही तसंच. सगळं झाल्यावर दाण्यांची एक भरलेली ओंजळ परातीच्या मधोमध सोडली.

"थांबा!" धारूरकर बाई ओरडल्या. "हे काय टाकलंत?"

चतुराबाई दचकली. मंडळाच्या पोत्यातले दाणे न सांगता जास्तीचे घेतले, हे आता बोंबलत पंचायत समितीपर्यंत जाणार, असंच तिला वाटलं. तिनं ओंजळ परत काढायला परातीत हात घातला.

"अहो, काढू नका! हे रोज टाकता?"

"रोज टाकती वं बाई. चूक आसंल तर माजी हाय, मंडळाची न्हाई."

"मग काल काहून सांगितलं नाहीत?" परभणीच्या बाईच्या तोंडातून घाईत नाक्याची भाषा निघाली.

चतुराबाईला प्रश्नच कळला नाही. "मापटं सांगितलं की तुमाला. ह्ये मापात न्हाई. खळ्यावर आमाला जवारी मापून देत्यात, मंग वर येक मूठ टाकत्यात. ती कुनी मोजती का? दिलेलं मोजलं तर दिलं कशाला?"

"दोन वर्षं बघतेय मी," शकुबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "रोज डोळ्यांसमोर टाकते. माझ्यासुद्धा ध्यानात आलं नाही."

बाईंनी पदर खोचला. चतुराबाईला पुन्हा पुन्हा मूठ भरायला लावून प्रत्येक मूठ तोलली, ओंजळ तोलली. बाहेर लेकरांची रांग लागली होती, पुढचं पोरगं वास घेऊन डोळे मिटून उभं होतं. पेन्सिल चालली, खोडलं, पुन्हा चालली.

"दहा पूर्णांक चार!"

कुणाला काय कळलं देव जाणे, पण रांगेतल्या पन्नासांनी टाळ्या पिटल्या. चतुराबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

आता फक्त कागद भरायचा होता. तिथंच नवं कोडं पडलं. मूठ म्हणजे किती? बाईंनी शकुबाईंची मूठ तोलली, ती नाजूक भरली. हिशेब साडेनऊवर आला. स्वतःची तोलली, तर त्याहून खाली. खुरप्यानं रुंद झालेला तो हात गावात एकच होता, आणि लेकरांच्या पोटात दहा ग्रॅम जायचे तर मूठ त्याच हाताची हवी होती. बाईंनी थोडा विचार केला आणि मापाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं. चतुराबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून शकुबाईंनी मोठ्यानं वाचलं:

"शेंगदाणे, चार मापटी. वर प्रत्येकी एक मूठ. मूठ चतुराबाईचीच असावी."

चतुराबाईनं आपला हात उलटापालटा करून बघितला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिला देखणा वाटला.

"म्हंजी," ती हळूच म्हणाली, "मला काढायचं म्हनलं तर सरकारला आदी ह्यो हात न्यावा लागंल की वं!"

"लागेल," धारूरकर बाई म्हणाल्या, आणि पाक करपायला आला होता म्हणून त्यांनी घाईघाईनं परात उचलून तिच्यापुढे केली.