भागाबाईंची जागा

मित्रांनो, मी बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातले एक जुने बाकडे आहे. गावात पाहुणा आला आणि त्याने "इथे खायचं काय?" असे विचारले, की लोक त्याला गावभर फिरवतात आणि शेवटी माझ्यावर आणून बसवतात. कारण मी धर्मेंद्रच्या मावा जिलेबीच्या दुकानासमोर उभे आहे.

जन्माने मी बैलगाडीची फळी. कापूस आणि केळीचे घड वाहून गाडी मोडली, तेव्हा सिंधीपुऱ्यातल्या एका सुताराने मला रंधा मारून चार पाय लावले. पाय मिळाले आणि चालणे संपले! फार वाईट वाटले. मग समोर मांडे करणाऱ्या मालूबाई दिसल्या आणि मी सगळे विसरले. ओल्या कणकेचा गोळा त्या दोन्ही हातांवर झुलवतात. तो पसरत पसरत पंचाएवढा होतो, त्यातून पलीकडची भिंत दिसू लागते, तरी तो फाटत नाही. पालथ्या कढईवर पडला की लगेच त्याच्यावर फोड उठतात. इतकी वर्षे मी रोज पाहते. तो का फाटत नाही, हे मला अजून कळलेले नाही.

तेव्हा आमच्या गावात आलात, तर भुकेले या. सकाळी पोहे खा, पण बेताने. दुपारी मांडे खा, उन्हाळ्यात आमरसाबरोबर, एरवी झणझणीत शेवेच्या रश्शाबरोबर. दराबा नुसता बोटावर घ्या. रवा, तूप आणि साखर हाताने फेटून फेटून इतकी हलकी झालेली असते की जिभेवर ठेवली की गेली कुठे, असे वाटते. आणि मावा जिलेबी मात्र बांधून नेऊ नका. ती कढईतून पाकात, पाकातून बशीत आणि बशीतून थेट तोंडात गेली पाहिजे. निवली की तिचा जीव जातो.

हे मला भागाबाईंमुळे उमगले. जवळच्या जसोंडी गावचे वामनबाबा बाजाराच्या दिवशी येत, माझ्यावर ऐसपैस बसत आणि गरम जिलेबी खात. त्यांच्या पत्नी भागाबाई समोरच्या कडुलिंबाखाली थैल्या राखत उभ्या असत. त्यांच्या घरात बायका बाहेर बसून खात नसत. वामनबाबा मनाने वाईट नव्हते. बायकोसाठी ते न चुकता जिलेबी कागदात बांधून घेत. घरी जाईपर्यंत तिचा दगड होई. "तिले लई आवडते," असे पुढच्या बाजाराला कौतुकाने सांगत. मला मात्र भागाबाईंची नजर दिसे. ती कढईवर खिळलेली असे. माझे डावे टोक बहुतेक वेळा रिकामेच असे. एकदा तरी बाईंनी तिथे बसून गरम जिलेबी खावी, एवढीच माझी इच्छा होती.

अलीकडे माझे पाय डुगडुगू लागले. धर्मेंद्रने लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. "ये लकडी आता कोन ठेवते? बाजार झाला की भट्टीत टाकू," तो म्हणाला. जळायची भीती वाटलीच. पण त्या टोकाची रुखरुख जास्त लागली.

माझा शेवटचा बाजार आला. वामनबाबा आले, पण बसले नाहीत.

"काय झालं बाबा? एकदम ताजी आहे," धर्मेंद्र म्हणाला.

"शुगर निघाली रे. डॉक्टरनं गोड बंद केलं."

ते जायला वळले. लिंबाकडे पाहून थबकले. जणू भागाबाई त्यांना तिथे आजच दिसल्या.

"इकडे ये वं. तू बस."

"मी? लोक काय म्हनतीन?"

"लोकाइले जिलेबीतून फुरसत कुठी आहे? आन त्या थैल्या माह्याकडे."

भागाबाई जवळ आल्या, पण बसेनात. नेमके आजच माझे डावे टोक भरलेले! तिथे बसलेल्या कॉलेजच्या मुलीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि ती सरकली. भागाबाई पदर सावरून अगदी कडेला टेकल्या. मी पाय घट्ट रोवले. आज डुगडुगायचे नाही, असे मी स्वतःला बजावले.

पहिला घास घेताच पाक हनुवटीवर ओघळला. त्यांनी डोळे मिटले. वामनबाबा थैल्या घेऊन लिंबाखाली उभे होते. राहवेना, म्हणून तिथूनच त्यांनी विचारले, "कशी आहे वं?"

भागाबाईंनी घास सावकाश गिळला.

"तुमी मले इतके वर्सं काय खाऊ घालत होते हो?"

सगळे हसले. वामनबाबा हसले नाहीत. हातातल्या थैल्या खाली ठेवून ते धर्मेंद्रला म्हणाले, "अजून एक दे तिले. गरम दे."

जाताना भागाबाईंनी माझ्या फळीवरून हात फिरवला. "पुढल्या बाजाराले मी इथीच बसीन," त्या म्हणाल्या. धर्मेंद्रने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्या पायांना पट्ट्या ठोकल्या, आणि मी भट्टीतून वाचले.

म्हणून मित्रांनो, माझ्यावर नावे कोरू नका आणि खरकटे हात पुसू नका. पोटभर खा. पण खाताना एकदा समोर पाहा. लिंबाखाली कोणी थैल्या घेऊन उभे असेल, तर थोडे सरका.