विषाणूला चिकटणारे नातेवाईक

संगणकाने दोन लाख रेणू विषाणूच्या प्रथिनातल्या खाचेत बसवून पाहिले आणि नीट बसणारे शंभर काढून दिले. त्यांतून चाचणीसाठी प्रत्यक्ष मागवायचे दहा निवडणं हे आईचं काम. संगणकाला आकार कळतो, स्वभाव कळत नाही, असं ती म्हणायची. तिने शंभरांपुढे शेरे लिहिले, आणि मग ती गेली. तिची खुर्ची मला मिळाली.

शेऱ्यांत रसायनशास्त्र औषधालाही नव्हतं. ‘नणंद’, ‘मोठे दीर’, ‘नणंदेचे यजमान’ असं लिहिलेलं.

“चारपर्यंत दहा द्या,” साहेब म्हणाले. “नाहीतर बाईंची यादी बाजूला ठेवू.”

मी मावशीला फोन लावून यादीचं सांगितलं. “आई तिच्या नणंदेबद्दल काय म्हणायची?”

“दिसेल त्याच्या गळ्यात पडते.”

म्हणजे विषाणू सोडून सगळ्यालाच चिकटणार. खोडला.

“मोठे दीर?”

“शिरतील तिथे मोडतोड.”

पेशीच मारणार. खोडला.

“नणंदेचे यजमान?”

“तोंड उघडत नाहीत. पण एकदा बसले की हलत नाहीत.”

हा घेतला. अशी नऊ नावं झाली.

“मी आहे का गं त्यात?” मावशीने विचारलं.

होती. चौसष्टावी, ‘धाकटी’. जरा ऊब लागली की बिघडणारा रेणू.

“शोधते,” म्हणत मी तो खोडला.

एकेचाळिसाव्यापुढे ‘लेक’ होतं.

“आणि माझ्याबद्दल?”

“विरघळायला फार वेळ लावते म्हणायची. अजून रडली नाहीस ना तू?”

पावणेचार झाले होते. न विरघळणारं औषध कुणी मागवत नाही. मी ते मागवलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. दहापैकी एकाने विषाणू रोखला. साहेबांनी आईची यादी ठेवली, पुढचे दहाही तिच्यातूनच मागवायला सांगितले.

“कोण लागलं?” मावशीने फोनवर विचारलं.

“नणंदेचे यजमान.”

“ते? स्वतःच्या लग्नातसुद्धा ते कुणाला दिसले नव्हते. सांगितलंस त्यांना?”

“सांगितलं. ‘बरं’ म्हणाले.”

“एवढं बोलले? आणि तू?”

“परीक्षानळीच्या तळाशी बसलेय, पांढरीफटक,” मी म्हटलं. “उद्या जरा गरम करून बघणार आहेत.”