डोंगरावर मिळालेला जादा वेळ

मी एक अणुघड्याळ बोलतोय. हसू नका, पण मी जन्माचा भित्रा आहे. पत्र्याची पेटी, पोटात बॅटरी आणि डोक्यात एकच धास्ती: बंद पडलो तर? माझा जुळा भाऊ प्रयोगशाळेच्या तळघरात आरामात असतो. फिरती माझ्याच वाट्याला!

आमच्या संशोधक बाईंनी मला भावाशी तंतोतंत जुळवलं आणि दोन किलोमीटर उंच डोंगरावरच्या वेधशाळेत नेलं. उंचावर काळ जरासा भरभर जातो, हे त्यांना मोजून दाखवायचं होतं. दहा दिवस राहायचं, खाली यायचं, भावाशी ताडून बघायचं.

सहाव्या दिवशी त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आईचं ऑपरेशन शुक्रवारी दुपारी ठरलंय. सारखी तुझं नाव घेतेय. ये ना गं!"

"अरे, इथं लक्ष ठेवायला दुसरं कुणी नाही, घड्याळ सोडून आले तर सगळी मेहनत पाण्यात. शुक्रवारी सकाळी उतरतेच आहे मी. तिला आत न्यायच्या आधी पोचते."

जा म्हणावंसं वाटलं, पण मला तोंड कुठंय?

शुक्रवारी घाटात दरड कोसळली. तीन तास गाडी जागची हलेना. बॅटरी संपत आल्याचा माझा लाल दिवा लागला. बाई एकदा माझ्याकडे बघायच्या, एकदा मोबाइलकडे.

रस्ता मोकळा झाल्यावर ड्रायव्हरकाका म्हणाले, "बाई, थेट दवाखान्यात घेऊ का? हे बंद पडलं तर परत लावता येईल की!"

"लावता येईल, काका. पण हे दहा दिवस पुसले जातील. प्रयोगशाळा वाटेतच आहे. अर्धा तास फक्त."

त्या अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मी भावापेक्षा एकशे नव्वद नॅनोसेकंद पुढे निघालो. एका सेकंदाचे अब्ज तुकडे करा, त्यातले एकशे नव्वद!

"म्हणजे हा पठ्ठ्या उद्या बघून आला?" काकांनी विचारलं.

"छे हो! तेवढं जास्त जगला, इतकंच. त्याच्याबरोबर मीही." बाई हसल्या, आणि फोन वाजला.

"ताई, आईला आत नेलं. दारापर्यंत मान वळवून बघत होती."

बाई माझ्याकडे वळल्या. माझ्या पेटीवर हात ठेवून पुटपुटल्या, "दोन तास मागे ने रे मला."

काय सांगणार? पुढे जाता येतं. प्रचंड वेगानं फिरून या, तुमचा काळ हळू चालेल आणि परत याल तेव्हा जग पुढे गेलेलं असेल. मागे जायची वाटही गणितात कागदावर निघते म्हणे, पण तिला लागणारं सामान कुठल्याच दुकानात मिळत नाही. डोंगरावर बाईंना आईपेक्षा जादा वेळ मिळाला होता. तो त्यांनी माझ्यापाशी बसून घालवला.

काका त्यांना घेऊन गेले त्याला साडेचार तास झाले. अजून निरोप नाही. तुम्हाला कुणी 'ये' म्हणालं, तर जा हो. माझ्यासारख्याला खुशाल बंद पडू द्या. मी सेकंद मोजतोय, आणि आज पहिल्यांदा मला पुढच्या सेकंदाची भीती वाटतेय.