आधी पाच तारे, मग खुर्ची

यी-च्येनने दातांच्या दवाखान्यांबद्दलचे तीनशे बारा अभिप्राय वाचले आणि त्यांचा तक्ता केला. चुपेइ शहरातल्या आयांना यात काही विशेष वाटलं नसतं. तिच्याच इमारतीतल्या एकीने मूल होण्याआधी बालवाड्यांचा तक्ता करून ठेवला होता. यी-च्येनच्या तक्त्यात पाच रकाने होते, पण तिचा जीव अडकला होता तो शेवटच्यात: मूल रडलं का? ‘हसरा ससा’ दंतचिकित्सालयासाठी एकशे बारा आयांनी लिहिलं होतं, नाही.

दीड वर्षापूर्वी दुसऱ्याच एका दवाखान्यात तिच्या लेकीला, नीनीला, हिरव्या जाळीत गुंडाळून दोन परिचारिकांनी धरून ठेवलं होतं. संमतीच्या कागदावर सही यी-च्येनचीच होती, घाईघाईत केलेली. तेव्हापासून रोज दात घासताना नीनी आधी आईचे दोन्ही हात बघायची, त्यात काही लपवलेलं नाही ना. आता खालच्या पुढच्या दातावर तपकिरी डाग आला होता. पुन्हा ती जाळी नको, एवढंच यी-च्येनला हवं होतं.

“दुधाचा दात तो, पडायचाच आहे,” सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या. “त्याच्यासाठी अर्धी रजा? माझ्या तीन मुलांचे दात काय डॉक्टरने पाडले?”

सासूबाईंच्या मताला तक्त्यात रकाना नव्हता.

दवाखान्यात शिरताच विम्याचं कार्ड घेऊन काउंटरवरच्या मिस लूने गोड हसून क्यूआर कोडची एक पाटी पुढे सरकवली. “नीनीच्या आई, हे स्कॅन करा. पाच तारे आणि दोन ओळी. मग नीनीला हे मिळेल.” तिच्या बोटांत सशाचं तोंड कोरलेलं सोनेरी नाणं होतं. कोपऱ्यात खेळण्यांचं यंत्र होतं. नाणं टाकून कळ फिरवली की आत खेळणं असलेला प्लास्टिकचा गोळा पडायचा. नीनीची नजर नाण्यावरून हलेना.

“अहो, पण आम्हाला अजून तपासलंच नाही,” यी-च्येन म्हणाली.

“म्हणून तर आत्ता! नंतर कोण लिहितंय? एका हातात मूल, एका हातात औषधं. आत्ता तुम्ही निवांत आहात.”

यी-च्येन खुर्चीवर बसली. शेजारची बाई दोन्ही अंगठ्यांनी भराभर टाइप करत होती. मजकूर सरळ दिसत होता: ‘डॉक्टर फारच प्रेमळ. आमचा आनआन अजिबात रडला नाही.’ आनआन तिच्या पायाशी बसून बुटाची पट्टी उघडझाप करत होता.

“तो आत जाऊन आला का?” यी-च्येनने हळूच विचारलं.

“नाही हो, पुढचा नंबर आमचा.”

“मग रडला नाही हे...”

“ताई, सगळ्या तेच लिहितात,” ती बाई समजावणीच्या सुरात म्हणाली. “वेगळं लिहिलं तर आपलंच मूल रडकं दिसतं ना.”

यी-च्येनच्या डोळ्यांपुढे एकशे बारा आया एका ओळीत याच खुर्च्यांवर येऊन बसल्या. एकीचंही मूल अजून आत गेलेलं नव्हतं.

आनआनचा नंबर लागला. दार बंद झालं आणि आतून असा टाहो आला की काचेच्या टाकीतला मासा दगडामागे गेला. घाबरून नीनीने आईचे हात उलटेपालटे करून पाहिले. यी-च्येन पिशवी उचलून उठलीच होती, तेवढ्यात आनआन बाहेर आला आणि पडद्यावर नीनीचा नंबर, सत्तावीस, उमटला.

“मला नाणं हवंय,” नीनी म्हणाली आणि स्वतःच चालायला लागली.

डॉक्टर पेंग म्हणजे साठीची, जाड भिंगांची बाई. बोलायची हौस अजिबात नाही.

“जाळी लावणार असाल तर आम्ही निघतो,” यी-च्येन दारातूनच म्हणाली. आवाज तिला हवा त्यापेक्षा मोठा निघाला.

“कशाला?” डॉक्टरांनी बोटाने दात हलवला. नीनी आ वासून छताकडे बघत होती. “हलतोय. खालून नवा आलाय. दोन आठवड्यांत पडेल. घरी जा.”

“पण डाग...”

“डागासकट पडेल.”

झालं. दोन मिनिटं. नीनी रडली नव्हती. यी-च्येनला एकदम हलकं वाटलं, आणि सासूबाईंची आठवण येऊन थोडा रागही आला. काउंटरशी उभं राहून तिने मन लावून लिहिलं: ‘डॉक्टरांनी काहीच केलं नाही. काही करायची गरज नाही असं स्पष्ट सांगितलं. त्यासाठी पाच तारे. बाकीचे अभिप्राय मात्र तपासणीआधी लिहून घेतात.’

वाकून वाचताच मिस लूचं हसू विझलं. “हे नाही चालणार हो. काहीच केलं नाही म्हणे! लोक काय म्हणतील? शेवटची ओळ काढा. आणि रडली नाही, ते घाला की.”

“रडली नाही हे खरंच आहे. पण काढणार काही नाही.”

“मग नाणंही नाही,” असं म्हणून मिस लूने ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

ड्रॉवर बंद झाला आणि डॉक्टरांच्या खुर्चीत हूं की चूं न केलेली नीनी रडायला लागली. साधंसुधं नाही, जमिनीवर बसून, पाय आपटत, आनआनला लाजवेल असं. बसलेल्या साऱ्या आयांचे अंगठे थांबले. दारातून आत येणारी एक बाई बाबागाडीसकट मागे सरली.

“अरे देवा! घे बाळा, घे,” मिस लू घाईने ड्रॉवर उघडत म्हणाली. “एक नको, दोन घे!”

पहिल्या गोळ्यातून बेडूक निघाला, दुसऱ्यातून तसलाच बेडूक. नीनी हसली, तेव्हा हलणारा दात पुढे झुकला. यी-च्येनने अभिप्राय होता तसा पाठवला.

मग तक्ता उघडला. शेवटचा रकाना: मूल रडलं का? तिने लिहिलं: ‘हो. काउंटरवर.’ आणि शेजारी एक नवा रकाना ओढला: सासूबाई काय म्हणाल्या.