तीन फिकट रेघा

...आणि ती फिकट रेघ पुन्हा दिसली. पाकटाच्या, त्या चपट्या रुंद माशाच्या, मणक्याची चकती नखाएवढीही नव्हती, कागदासारखी पातळ कापलेली. भिंगाखाली तिच्यात एकाआड एक दाट आणि विरळ वलयं उजळत होती, एक जोडी म्हणजे एक वर्ष — आणि मधूनच असल्या तीन रेघा, धड वलय नाहीत, धड डाग नाहीत. धरल्या तर ही मादी चौदा वर्षांची. सोडल्या तर अकराची.

ओफेलिया मुर्रिएता सहा महिने त्या सोडत आली होती. त्यात लबाडी नव्हती. समुद्र अवचित तापला की खोटी रेघ उमटते, हे विद्यार्थ्यांना शिकवणारी तीच. पण तेच मणके ला पासच्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे मोजणाऱ्या ग्रीसेल्डाचं, तिच्या जुन्या विद्यार्थिनीचं, सकाळी पत्र आलं होतं : ‘बाई, तुमचा आकडा दरवेळी माझ्यापेक्षा कमी येतो. नुसती चूक असती तर कधीतरी जास्तही आला असता ना?’

दरवेळी कमी... वय कमी म्हणजे वाढ झपाट्याची, म्हणजे कितीही धरली तरी पाकटं भरून निघणार, म्हणजे मासेमारीला दोन महिन्यांची बंदी पुरे... आणि किनो गावच्या वाळूवरच्या होड्या, भावाचीही, पाण्यात. हे तिने कधी मनात आणलं नव्हतं. नव्हतं ना?

दुपारी तेयो, तिचा धाकटा भाऊ, बर्फात घातलेल्या कण्यांची बादली घेऊन आला.

“घे, तुझ्या म्हाताऱ्या. नऊ आहेत. बायको म्हणते, रश्श्यातलं चांगलं ते बहिणीला, आणि आम्ही काय चाटायचं?”

“जेवलास?”

“जेवलो. डोळे बघ तुझे, उकडलेल्या कोळंबीसारखे झालेत.” तो दाराशी घुटमळला. “सोमवारी बंदीची बैठक. तुझा आकडा चांगला आहे म्हणतात सगळे.”

“चांगला म्हणजे?”

“म्हणजे आपल्या बाजूचा.”

“तेयो, मोठी मादी किती वर्षांची असेल रे? तुझ्या अंदाजाने.”

त्याने बर्फ सारून सगळ्यात मोठा कणा चाचपला. “बाबांबरोबर जायचो तेव्हा एवढ्या मोठ्या रोज यायच्या. आता वर्षाला चार-पाच.” मग टोपी घालत म्हणाला, “मला नको विचारूस, ओफे. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.”

तो गेल्यावर तिने भिंगाचा दिवा मालवला. मान भरून आली होती. वाटलं, टेबलावर डोकं टेकवावं आणि कुणीतरी दुसऱ्यानेच सगळं मोजावं... आता त्या रेघा धरल्या तर त्या आहेत म्हणून धरेन, की ग्रीसेल्डा म्हणाली म्हणून?

तिने पाणी तापवलं, पहिला कणा त्यात बुडवला आणि बोथट सुरीने मांस खरवडू लागली. सुकवायचा, कापायचा, घासायचा. मोजायला दोन दिवस तरी होते. हात नेहमीसारखे चालत होते, थकलेले, सवयीचे — आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की सहा महिन्यांत पहिल्यांदाच, आकडा काय येणार हे तिला आधीपासून ठाऊक नव्हतं.