यादीतला जुना नंबर

फोन खांद्याशी दाबून विल्मार कीबोर्ड बडवत होता. पलीकडे साल्तो गावच्या घरबांधणी सोसायटीची राकेल. विल्मार आपल्या सोसायटीत चालवायचा तसा स्वतःचा मेल सर्व्हर त्यांनाही उभा करायचा होता, आणि सल्ला द्यायला विल्मारला कायमच वेळ असायचा.

“डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, एक यादी टाकायची. आपल्या नावानं पत्र धाडायची परवानगी कुठल्या नंबरच्या मशीनला, ते तिच्यात लिही. बाकी कुणी धाडलं तर सरळ फेकून द्या, हेही लिही. मऊपणा नको.”

“तुमचीच यादी उघडून बघतेय,” राकेल म्हणाली. “नंबर चौदानं संपतो. पण तुमचं मशीन तर सत्त्याऐंशीवर आहे ना?”

“चष्मा पूस आधी.”

“पुसला. चौदाच आहे.”

विल्मारनं बघितलं. चौदाच. मार्चमध्ये लाइन बदलली, मशीनला नवा नंबर मिळाला, आणि यादीत तो घालायचा राहूनच गेला. आता ऑगस्ट, इथला ऐन हिवाळा. पाच महिने सोसायटीतनं बाहेर गेलेलं एकेक पत्र समोरच्यानं ह्याच्याच हुकमावरनं फेकलेलं. आतल्या आत, शेजाऱ्याचं शेजाऱ्याला, तेवढं पोचत होतं.

त्यानं फोन ठेवला. कान तापले होते.

सोसायटीतल्या एलिदा म्हातारीनं, सगळे तिला मानानं ‘दोन्या’ म्हणायचे, नातवाच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलला कागद धाडले होते. उत्तर आलं नाही म्हणून गेल्या महिन्यात सभेत उभा राहून विल्मार म्हणाला होता, “गरिबाचं पत्र त्यांच्या टोपलीत जातं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तो खाली आला. शनिवार, म्हणजे सगळ्या घरांनी बांधकामावर यायचं; घराची किंमत अशी कष्टानं फेडायची. ट्रकपासून भिंतीपर्यंत रांग लागली होती, विटा हातोहात सरकत होत्या. दोन वर्षांमागं विल्मार परांचीवरनं पडला, पाठ गेली, आणि फुकटचं घर नको म्हणून सामान बांधून बसला होता. तेव्हा सभेनं मेलचं काम हेच त्याचं बांधकाम ठरवलं.

“दोन्या एलिदा, जरा बाजूला येता?”

“इथंच बोल. रांग तुटते.”

“तुमचे कागद पोचलेच नाहीत. हॉस्पिटलचा दोष नाही, माझा आहे. नंबर चुकला. पोराला काही झालं तर...”

“सोळा तारखेला ऑपरेशन आहे त्याचं.” म्हातारीनं वीट पुढं दिली. “मी बसनं जाऊन हातात कागद देऊन आले. मे महिन्यातच.”

“मे?”

“पत्र परत आलं होतं ना. इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं. वॉल्तेरच्या पोरीनं वाचून दाखवलं.”

विल्मारनं रांगेकडं बघितलं. विटा सरकत होत्या, पण बोलणं थांबलं होतं.

“सगळ्यांची परत आली?”

“कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानातनं धाडतो आम्ही बाहेरची,” रांगेतला वॉल्तेर विटेकडं बघत म्हणाला.

“आणि रोजची साठ पत्रं? मी सभेत आकडा सांगतो ती?”

“ती आपली आपल्यातच. माझी बायको शेजारच्या खोलीतनं मला मेल करते, जेवायला ये म्हणून. मी वाचेपर्यंत सूप गार.”

कुणीतरी खुदकलं. कुणीतरी त्याला कोपर मारलं.

“मला सांगायला काय झालं होतं?” विल्मारचा आवाज चढला. “मी काय लहान आहे?”

“पुन्हा सामान बांधलं असतंस,” वॉल्तेर म्हणाला.

विल्मारला हात कुठं ठेवावेत कळेना.

“दुरुस्त व्हायला किती वेळ?” एलिदानं विचारलं.

“पाच मिनिटं.” हे सांगताना त्याला सगळ्यात जास्त लागलं.

“मग होईल संध्याकाळी. आता मातेचा चहा ओत सगळ्यांना, थंडीनं बोटं वळत नाहीत.”

त्यानं मातेचा पाला घातलेल्या सुक्या भोपळ्याच्या पेल्यात गरम पाणी ओतलं आणि रांगेच्या एका टोकापासनं सुरुवात केली. एकेक जण पिऊन भोपळा परत देत होता. त्याच्याकडं मात्र कुणी बघत नव्हतं. वॉल्तेरनं तर मानच वर केली नाही, जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती.